शुक्रवारची गाडी आणि तिकिटाचा हिशेब

नांदेड ते मुंबई किंवा पुणे ते लातूर हा प्रवास शनिवार-रविवार धरून करायचा म्हटला, की एकाच अंतरासाठी चार-पाच वेगवेगळी भाडी समोर येतात. स्लीपरचे साधे तिकीट एका दराने, त्याच डब्यातले तत्काळ दुसऱ्या दराने, सुट्टीसाठी सोडलेली विशेष गाडी तिसऱ्या दराने आणि वंदे भारत चौथ्याच दराने. त्यातच खासगी ट्रॅव्हल्सचे दर शुक्रवारी संध्याकाळी वर जातात आणि मंगळवारी खाली येतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे रेल्वेही सुट्टी पाहून भाडे वाढवते, असा समज पक्का झालेला आहे. तो बराचसा चुकीचा आहे. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन किंवा लातूर एक्स्प्रेस या नेहमीच्या गाड्यांचे मूळ भाडे सातही वार एकच असते. वार बदलल्याने बदलतो तो प्रवाशाच्या वाट्याला येणारा तिकिटाचा प्रकार. भाड्याची रचना मुळात दोन प्रकारच्या प्रवाशांसाठी झालेली आहे, लांब जाणाऱ्यासाठी आणि रोज ये-जा करणाऱ्यासाठी. दोन दिवसांसाठी मध्यम अंतरावर जाऊन परत येणारा प्रवासी या दोहोंत बसत नाही, आणि त्याचा गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू होतो.

मूळ भाडे ठरते ते अंतरावर, आणि हे अंतर रुळाचे असते, रस्त्याचे नव्हे. मराठवाड्यात या दोहोंतली तफावत मोठी आहे. लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर होते. रेल्वे मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड असा वळसा घेत लातूरला पोहोचते आणि हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. भाडे या वळशाचे द्यावे लागते. नांदेड आणि लातूर जोडणारा थेट लोहमार्ग ही या भागातली जुनी मागणी आहे. तो झाला तर वेळेबरोबर भाडेही कमी होईल, हा मुद्दा त्या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही.

मार्गाचा असाच फरक नांदेड-पुणे प्रवासातही पडतो. परळी, लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी करत जाणारी गाडी पुण्याला साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पोहोचवते. जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, अहिल्यानगर करत जाणारी गाडी जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त फिरते. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण तेच, डब्याचा वर्ग तोच, तरी दोन तिकिटांची रक्कम निराळी दिसते, ती यामुळे. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत आणि लातूर मध्य रेल्वेत मोडते, म्हणून दर वेगळे असतील असे काहींना वाटते. पण प्रति किलोमीटर दर साऱ्या देशात एकच आहे. अपवाद म्हणजे काही मार्गांवर भाड्यापुरते अंतरच फुगवून धरलेले असते. कोकण रेल्वेवर प्रवासी भाड्यासाठी ते ४० टक्के जास्त मोजतात. मराठवाड्यातल्या मार्गांवर ती भानगड नाही.

लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्थानके आहेत, हेही इथेच नोंदवायला हवे. लातूर रोड हे जंक्शन चाकूर तालुक्यात, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. परळीकडून विकाराबादकडे जाणाऱ्या काही गाड्या लातूर शहरात येतच नाहीत. नावाच्या सारखेपणामुळे एका स्थानकाचे तिकीट काढून दुसऱ्याला उतरण्याची तयारी करणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. नांदेडच्या स्थानकाचे अधिकृत नाव हुजूर साहिब नांदेड आहे आणि औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. मोबाइलवर तिकीट शोधताना ही नावे लक्षात ठेवावी लागतात.

अंतर वाढते तसे भाडे वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. पहिल्या टप्प्यातला किलोमीटर महाग आणि पुढचा क्रमाने स्वस्त, अशी ही घटत्या दराची पद्धत आहे. सहाशे किलोमीटरचे भाडे तीनशे किलोमीटरच्या दुप्पट होत नाही, बरेच कमी होते. म्हणून एका प्रवासाची दोन तिकिटे केली, तर ती जवळजवळ नेहमी महाग पडतात. नांदेड ते मुंबई हे सुमारे ६१० किलोमीटर अंतर. कोणी नांदेड ते छत्रपती संभाजीनगर आणि तिथून मुंबई अशी दोन तिकिटे काढली, तर महाग किलोमीटर दोनदा मोजले जातात आणि आरक्षण शुल्कही दोनदा लागते. ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलट चालते. तिथे एका लांब प्रवासाची तुकड्यातुकड्यांनी तिकिटे काढली तर पुष्कळदा स्वस्त पडतात, आणि हे तुकडे शोधून देणाऱ्या सेवाही आहेत. परदेशातल्या नातेवाइकांचा हा सल्ला परभणी-जालना मार्गावर लागू करू नये.

घटत्या दराचा लाभ अर्थात लांब जाणाऱ्याला. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशाला प्रत्येक किलोमीटर जितका स्वस्त पडतो, तितका नांदेडहून देवदर्शनाला परळीला जाणाऱ्याला पडत नाही. रोज ये-जा करणाऱ्याची सोय दुसऱ्या टोकाला आहे. मासिक पास सर्वसाधारणपणे दीडशे किलोमीटरपर्यंतच मिळतो आणि तो महिनाभराच्या प्रवासाच्या मानाने फारच स्वस्त असतो. परभणीहून नांदेडला अपडाउन करणारा नोकरदार त्यावर जगतो. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या माणसाला तो काहीच कामाचा नाही.

लहान सहलीला सर्वांत जास्त झोंबणारा नियम म्हणजे किमान अंतराचा. प्रत्येक वर्गासाठी रेल्वेने एक किमान अंतर ठरवलेले आहे. त्याहून कमी प्रवास केला तरी भाडे त्या अंतराचेच घेतले जाते. स्लीपरसाठी ही मर्यादा २०० किलोमीटर आहे, वातानुकूलित चेअर कारसाठी १५०, आणि थर्ड एसी व सेकंड एसीसाठी ३००. नांदेड ते परळी वैजनाथ सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. स्लीपरने गेल्यास दोनशे किलोमीटरचे पैसे आणि थर्ड एसीने गेल्यास तीनशेचे. नांदेड ते परभणी साठ किलोमीटरसाठी कोणी हौसेने थर्ड एसीचे तिकीट काढले, तर पाचशे रुपयांच्या वर मोजावे लागतात. हेच पैसे त्याला अडीचशे-तीनशे किलोमीटरपर्यंत घेऊन गेले असते. यामागचे रेल्वेचे कारण अगदीच चुकीचे नाही. लांबच्या गाडीतला बर्थ साठ किलोमीटरसाठी अडकला, तर पुढचा प्रवासी मिळेलच याची खात्री नसते. पण ज्या मार्गावर दिवसा धावणाऱ्या बैठ्या गाड्या मोजक्याच आहेत, तिथे या नियमाचा भुर्दंड जवळच्या प्रवाशाला बसतो.

म्हणून नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठ्यासाठी जाणाऱ्या कुटुंबाने वर्गाची निवड अंतर पाहून करावी. हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. स्लीपरची किमान मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे तिथे नुकसान नाही. थर्ड एसीत मात्र साठ-पासष्ट किलोमीटर फुकटचे जातात. तपोवन एक्स्प्रेससारख्या दिवसाच्या गाडीतली चेअर कार किंवा आरक्षित द्वितीय श्रेणीची बैठक या अंतराला सर्वांत सोयीची ठरते.

मूळ भाड्यावर मग एकेक थर चढतो. आरक्षण शुल्क बैठ्या द्वितीय श्रेणीला १५ रुपये, स्लीपरला २०, थर्ड एसी व चेअर कारला ४०, सेकंड एसीला ५० आणि फर्स्ट एसीला ६०. वातानुकूलित वर्गांवर ५ टक्के जीएसटी, बिगर वातानुकूलित वर्गांवर तो नाही. तिकीट आयआरसीटीसीवर काढले तर सुविधा शुल्क: बिगर वातानुकूलितला १५ रुपये आणि वातानुकूलितला ३०, वर त्याचा जीएसटी, यूपीआयने पैसे दिल्यास हेच शुल्क १० आणि २० होते. हे शुल्क तिकिटामागे असते, माणसामागे नसते. एका तिकिटावर सहा जण बसवता येतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची नावे एकाच तिकिटावर घातली तर ते एकदाच लागते. तत्काळमध्ये ही मर्यादा चार जणांची आहे.

सुपरफास्ट अधिभाराची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण त्यात नांदेड आणि लातूर यांच्यात थेट फरक पडतो. वेळापत्रकानुसार ताशी सरासरी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेग असलेल्या गाडीला रेल्वे सुपरफास्ट म्हणते. गाडीच्या पाच अंकी क्रमांकाची सुरुवात १२, २० किंवा २२ ने होत असेल, तर ती बहुधा सुपरफास्ट असते. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या देवगिरी आणि तपोवनचे क्रमांक १७ ने सुरू होतात, नंदीग्रामचा ११ ने. या साध्या एक्स्प्रेस आहेत, त्यांना अधिभार नाही. मुंबई-लातूर एक्स्प्रेसचा क्रमांक २२१०७ आहे, म्हणजे ती सुपरफास्ट. लातूरकर स्लीपरमागे ३० रुपये आणि एसीमागे ४५ रुपये जास्त देतो. रक्कम लहान आहे, पण चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन स्लीपरमध्येही २४० रुपयांचा फरक पडतो.

आणि गाडी उशिरा पोहोचली तर? अधिभार परत मिळत नाही, कारण तो वेळापत्रकातल्या वेगावर आकारलेला असतो. सुपरफास्टचे पैसे घेऊन गाड्या त्या वेगाने धावल्याच नाहीत, असा ठपका कॅगने २०१७ च्या अहवालात उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेवर ठेवला होता. तीन वर्षांत अशा गाड्यांतून गोळा झालेली रक्कम ११ कोटी रुपयांहून जास्त होती. त्यानंतरही नियम तसाच आहे.

२०२५ मध्ये मूळ दर दोनदा बदलले. १ जुलैपासून बिगर वातानुकूलित मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे १ पैसा आणि वातानुकूलितला २ पैसे वाढले. २६ डिसेंबरपासून मेल-एक्स्प्रेसच्या दोन्ही प्रकारांना आणखी २ पैसे वाढले. नांदेड-मुंबई स्लीपरला डिसेंबरची वाढ बारा-तेरा रुपयांची. बातम्यांत याच वाढीची चर्चा झाली, पण सहलीला जाणाऱ्याच्या खिशाला खरा फटका बसतो तो या पैशांनी नव्हे, तर तिकीट कधी काढले यावरून.

नेहमीच्या गाड्यांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. शुक्रवारी रात्रीची मुंबई-लातूर किंवा पुण्याहून मराठवाड्याकडे येणारी गाडी आणि रविवारी रात्रीची परतीची गाडी यांच्या जागा लवकर संपतात. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलांना भेटायला येणारे पालक, पुण्यात नोकरी करणारी तरुण मंडळी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक, लग्नसराईचे वऱ्हाडी, सगळ्यांना त्याच दोन रात्री हव्या असतात. ज्याची सहल पंधरा दिवस आधी ठरते, त्याला साध्या दराची जागा क्वचितच मिळते. भाडे वाढलेले नसते, जागाच संपलेली असते. मग उरतात तत्काळ, प्रीमियम तत्काळ आणि विशेष गाडी, आणि हे तिन्ही मार्ग महाग आहेत.

तत्काळचे आरक्षण गाडी सुरुवातीच्या स्थानकावरून निघण्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतरांसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून पडताळलेले असावे लागते. जादा शुल्क मूळ भाड्याच्या ३० टक्के, बैठ्या द्वितीय श्रेणीला १० टक्के. त्याला खालची आणि वरची मर्यादा आहे: स्लीपरला १०० ते २०० रुपये, चेअर कारला १२५ ते २२५, थर्ड एसीला ३०० ते ४००, सेकंड एसीला ४०० ते ५००. इथवर बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते असे, की तत्काळसाठी किमान अंतराची मर्यादाही वेगळी आणि मोठी आहे. स्लीपर आणि थर्ड एसीच्या तत्काळला ५०० किलोमीटरचे भाडे धरतात, चेअर कारला २५० किलोमीटरचे, बैठ्या द्वितीय श्रेणीला १०० किलोमीटरचे.

याचा अर्थ नांदेड ते छत्रपती संभाजीनगर स्लीपरचे तत्काळ तिकीट काढणाऱ्याकडून २३५ नव्हे तर ५०० किलोमीटरचे भाडे घेतले जाते, आणि त्यावर किमान १०० रुपये तत्काळ शुल्क. साध्या तिकिटाच्या दुपटीच्या घरात ही रक्कम जाते. त्याच मार्गावर नांदेड-मुंबई असा पूर्ण प्रवास करणाऱ्याला फक्त शुल्काचा भार पडतो, अंतराचा पडत नाही. लांबच्या प्रवाशाला तत्काळ महाग वाटते, जवळच्या प्रवाशाला ते अन्यायाचे वाटते, आणि दोघांचेही बरोबर असते. उलट बैठ्या द्वितीय श्रेणीच्या तत्काळला जादा शुल्क १० ते १५ रुपयेच आहे. दिवसा प्रवास करायची तयारी असेल, तर सगळ्या तत्काळ प्रकारांत हा एकच प्रकार खऱ्या अर्थाने स्वस्त आहे, आणि तरी त्याचा विचार कमीच जण करतात.

प्रीमियम तत्काळ ही २०१४ मध्ये आलेली भर. काही गाड्यांत तत्काळच्या जागांचा एक भाग यासाठी काढून ठेवतात आणि तिथे भाडे मागणीप्रमाणे चढत जाते. जशा जागा विकल्या जातात तसा आकडा वाढतो. दोन मिनिटांपूर्वी पाहिलेले भाडे पैसे भरताना बदललेले दिसते ते इथेच. अशी चढती भाडेपद्धती राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. नांदेड किंवा लातूरहून यातली एकही गाडी सुटत नाही, त्यामुळे मराठवाड्यातल्या प्रवाशाची चढत्या भाड्याशी गाठ पडते ती मुख्यतः प्रीमियम तत्काळमध्ये. तत्काळ असो वा प्रीमियम तत्काळ, निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास साधारणपणे काहीच परत मिळत नाही.

विशेष गाड्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो. दिवाळी, उन्हाळी सुट्टी किंवा जोडून आलेल्या रजांच्या वेळी त्या सोडल्या जातात. यांतल्या बऱ्याच गाड्या विशेष भाड्याच्या असतात, म्हणजे तत्काळच्याच धर्तीवर मूळ भाड्यावर टक्केवारीने जादा रक्कम, आणि तीही गाडीतल्या प्रत्येक जागेला. दोन महिने आधी आरक्षण केले तरी ती सुटत नाही. नेहमीच्या गाडीच्या शेजारी यादीत विशेष गाडी दिसते, जागाही भरपूर दिसतात आणि भाडे मात्र बरेच जास्त. गाडी नवी असते, डबे तेच असतात आणि वेळेच्या बाबतीत विशेष गाड्यांची ख्याती फारशी चांगली नाही. घाई नसेल तर नेहमीच्या गाडीची प्रतीक्षा यादी आधी पाहावी.

शून्य क्रमांकाचा आणखी एक अनुभव या भागाने घेतला. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या विशेष म्हणून सुरू झाल्या आणि त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागले. त्यामुळे किमान भाडे १० रुपयांचे ३० रुपये झाले. जवळच्या गावी जाणाऱ्यांवर हा बोजा जवळजवळ चार वर्षे राहिला. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस जुने साधे भाडे परत लागू झाले. आजही एकाच मार्गावर पॅसेंजर आणि एक्स्प्रेस यांच्या जनरल तिकिटांचा दर वेगळा आहे. पॅसेंजरचे तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये चढणे म्हणजे तिकीट तपासनिसाला दंडाचे निमित्त देणे.

नांदेड-मुंबई वंदे भारतचे गणित वेगळे आहे. जालना-मुंबई अशी ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालेली ही गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. तिचे भाडे साध्या एक्स्प्रेसच्या चेअर कारपेक्षा बरेच जास्त आहे, पण चढते नाही; शेवटची खुर्चीही पहिल्याच दराने मिळते. जातानाच्या आणि येतानाच्या भाड्यात फरक दिसतो, तो गाडीत दिल्या जाणाऱ्या खाण्याचा. पहाटे नांदेडहून निघणाऱ्या आणि दुपारी मुंबईहून निघणाऱ्या गाडीत वेगवेगळे पदार्थ आणि वेगवेगळ्या वेळा येतात. आरक्षण करताना जेवण नको असा पर्याय निवडला की तेवढे पैसे कमी होतात. घरून पोळी-भाजी घेऊन निघणाऱ्याने ती खूण करायला विसरू नये.

परतीच्या प्रवासाला सवलत का नाही, हा प्रश्न सहलीला जाणाऱ्याला हमखास पडतो. जर्मनीत १९९५ ते २०१९ या काळात शनिवार-रविवारसाठी एक खास तिकीट होते. पाच जणांच्या गटाला ठरावीक रकमेत प्रादेशिक गाड्यांनी हवे तितके फिरता येई. भारतात तसे काही नाही. खिडकीवर जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकत्र काढता येते, पण भाडे दोन स्वतंत्र प्रवासांचेच असते. २०२५ च्या दिवाळीत रेल्वेने येण्या-जाण्याची एक योजना आणली होती. परतीच्या मूळ भाड्यावर २० टक्के सूट होती. पण जाण्याचा प्रवास १३ ते २६ ऑक्टोबरमध्ये आणि परतीचा १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरमध्ये हवा होता. म्हणजे दोन्हींत किमान २२ दिवसांचे अंतर. दोन्ही तिकिटे निश्चित झालेली, प्रवासी तेच, वर्ग तोच आणि रद्द केल्यास परतावा नाही. बिहार किंवा उत्तर प्रदेशात महिनाभर राहून येणाऱ्या कामगाराला याचा उपयोग झाला असेल. भाऊबीजेला लातूरला येऊन चौथ्या दिवशी पुण्याला कामावर हजर होणाऱ्याला नव्हे.

वाटेत थांबण्याची सोयही अशीच लांबच्या प्रवाशाची आहे. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या एकेरी तिकिटावर वाटेत दोन दिवस उतरता येते, पण पहिले पाचशे किलोमीटर पार केल्यावरच. नांदेड-मुंबई तिकिटावर वेरूळसाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा त्र्यंबकेश्वरसाठी नाशिकला उतरता येत नाही, कारण दोन्ही पाचशेच्या आत येतात. नियमाप्रमाणे थांबायचेच झाले तर कल्याणच्या अलीकडे-पलीकडे थांबावे लागेल, आणि तिथे सहलीला कोणी जात नाही.

कुटुंबाच्या तिकिटात वयाचा हिशेब येतो. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ न घेता अर्धे भाडे, पण बर्थ हवा असेल तर २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे. ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. तोवर साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या महिलांना ५० टक्के सूट होती.

मराठवाड्यात रेल्वेच्या भाड्याची तुलना होते ती एसटीशी, आणि तिथे चित्र उलटे आहे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धे तिकीट आसनासह मिळते. नवरा, बायको आणि दोन शाळकरी मुले यांना एसटीत मिळून अडीच तिकिटांचे पैसे पडतात; स्लीपरमध्ये प्रत्येकाला बर्थ घेतला तर चार तिकिटांचे. आजी बरोबर असेल आणि पंचाहत्तरीच्या पुढची असेल, तर एसटीत तिचा खर्च शून्य आणि रेल्वेत पूर्ण. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्के वाढले तरी नांदेड-लातूरसारख्या प्रवासात हा हिशेब एसटीच्याच बाजूने राहतो. शिवाय रस्त्याचे अंतर कमी. लातूर-मुंबई किंवा नांदेड-मुंबई रात्रीच्या प्रवासात मात्र झोपायला मिळणे मोलाचे ठरते आणि तुलना खासगी ट्रॅव्हल्सशी होऊ लागते. राज्य सरकारने २०१८ मध्ये खासगी बसच्या भाड्याला एसटीच्या दीडपटीची कमाल मर्यादा घातली. दिवाळीच्या शुक्रवारी ती किती पाळली जाते, हे प्रवाशांना वेगळे सांगायला नको.

साध्या दराने जागा मिळवण्याचा एक कायदेशीर मार्ग या भागातले जाणते प्रवासी वापरतात. देवगिरीसारख्या गाडीला नांदेड हे मधले स्थानक आहे. अशा मधल्या स्थानकांच्या वाट्याला जागा मर्यादित येतात. गाडीच्या सुरुवातीच्या स्थानकापासूनचे तिकीट काढून चढण्याचे ठिकाण नांदेड असे नोंदवले, तर कधी कधी निश्चित जागा मिळते. घटत्या दरामुळे वाढीव अंतराचे पैसे फार होत नाहीत, बहुधा तत्काळपेक्षा कमीच. मात्र चढण्याचे स्थानक वेळेत नोंदवले नाही तर तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

शेवटची संधी तक्ता तयार झाल्यावर येते. आरक्षणाचा तक्ता गाडी सुटण्याच्या काही तास आधी लागतो. त्यानंतर उरलेल्या जागा चालू आरक्षणात मिळतात, आणि त्यांवर मूळ भाड्यात १० टक्के सूट असते. ही सूट १ जानेवारी २०१७ पासून आहे. शुक्रवारी रात्री मुंबईहून मराठवाड्याकडे येताना अशी जागा मिळण्याची आशा कमीच. पण रविवारी सकाळी मुंबईहून नांदेडकडे किंवा शनिवारी रात्री लातूरहून मुंबईकडे, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्याला ती पुष्कळदा मिळते.